मुलांच्या गळी भजन कसे उतरवावे?

गावोगावच्या भजनी मंडळांतून हल्ली एकच तक्रार ऐकू येते. "बुवा, पोरं येत नाहीत. आली तर बसत नाहीत. बसली तर म्हणत नाहीत." एकादशीच्या रात्री देवळात जाऊन पाहावे, तर टाळ धरणारे हात साठीचे, पखवाजावरचा गडी पन्नाशीचा, आणि दाराशी चार मुले प्रसादाची वाट पाहत उभी. हे चित्र सगळीकडे असेच आहे असे नाही. कित्येक गावी मुलांचे भजन इतके रंगते की मोठ्यांनी मागे सरून बसावे. परंतु जेथे रंगते तेथली मुले काही निराळ्या मातीची नसतात. तेथे कोणीतरी त्यांना बेताने, क्रमाने आणि मायेने शिकवलेले असते, एवढाच फरक.

शेताला पाणी देताना आपण दार धरतो, सारे वाफे एकदम भरत नाही. मुलांना भजन शिकवताना मात्र पहिल्याच दिवशी हातात टाळ, समोर पोथी, तोंडात अभंग आणि मनात अर्थ, असे चारी बाजूंनी पाणी सोडतो, आणि मग पीक का वाहून गेले म्हणून विचारतो! म्हणून पाच ते बारा वर्षांच्या मुलांना भजनाचे गायन-वादन कोणत्या क्रमाने शिकवावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. वाचकांनी तो आपल्या गावच्या अनुभवाशी ताडून पाहावा.

'तुला गळा नाही'

क्रम सांगण्यापूर्वी एका वाक्याचा समाचार घेतला पाहिजे, कारण या एका वाक्याने जितकी मुले भजनातून उठवली तितकी शाळेच्या अभ्यासाने आणि मोबाईलनेही उठवली नसतील. ते वाक्य म्हणजे, "अरे, तुला गळा नाही, तू मागं बस." सांगणाऱ्याच्या मनात काही वाकडे नसते. भजन बेसूर होऊ नये इतकीच त्याची इच्छा असते. पण सहा वर्षांचे मूल ते वाक्य घरी घेऊन जाते आणि साठ वर्षे सांभाळते. आपल्यापैकी कितीतरी मंडळी आजही म्हणतात, "मला नाही हो म्हणता येत, लहानपणीच बुवांनी सांगितलं होतं."

खरी गोष्ट अशी आहे की, पाचव्या-सहाव्या वर्षी पुष्कळ मुलांचे गाणे म्हणजे निम्मे बोलणे आणि निम्मे गाणे असते. सूर ऐकणे, तो मनात धरणे आणि नेमका तोच गळ्यातून काढणे, ही तीन कामे एकमेकांशी जुळायला वेळ लागतो. ऐकायला आणि म्हणायला मिळत गेले, तर आठव्या-नवव्या वर्षापर्यंत बहुतेकांचा सूर जागेवर येतो. पाचव्या वर्षी 'गळा नाही' म्हणून ज्याला उठवले, त्याला ही मधली तीन-चार वर्षे मिळतच नाहीत. मग त्याचा सूर लागत नाही, आणि आपण म्हणतो, "पाहा, मी तेव्हाच सांगितले होते!"

गोरोबाकाकांची कथा आपण सर्व जाणतो. संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून मडकी पारखली, आणि नामदेवराय कच्चे ठरले. परंतु कच्चे ठरले म्हणून कोणी त्यांना मेळ्यातून घालवले काय? ते विसोबा खेचरांकडे गेले, आणि पुढे त्याच नामदेवांनी कीर्तनाचा झेंडा पंजाबापर्यंत नेला. कच्चे मडके भट्टीत घालावयाचे असते, उकिरड्यावर टाकावयाचे नसते. जेथे भक्तराज नामदेव कच्चे ठरू शकतात, तेथे पहिलीतल्या पोराने लगेच पक्के असावे हा आग्रह कशासाठी?

पहिली पायरी : कान

संगीताची पहिली शाळा घरात भरते. आईच्या पोटात असतानाच, सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळाला ऐकू येऊ लागते, आणि जन्मलेले मूल आईचा आवाज ओळखते. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर ओव्या म्हणत, मांडीवर लेकरू झोपलेले असे. जात्याची घरघर हा त्याचा ठेका आणि ओवी हे त्याचे गाणे. त्या लेकराला कोणी संगीत शिकवले नव्हते, पण ते शिकत होते. आता दळण गिरणीवर जाते, जाते घरात असलेच तर माळ्यावर पडलेले. त्याबद्दल हळहळत बसण्यात अर्थ नाही. पण पाळणा, अंघोळीच्या वेळचे नामस्मरण, सांजवातीनंतरचा हरिपाठ, हे तर आपल्या हाती आहे. घरात रोज दहा मिनिटे हरिपाठ झाला तर मूल तो म्हणो वा न म्हणो, ऐकत असते. ते खेळत असले तरी खेळू द्यावे. "इकडे लक्ष दे" म्हणून दरडावू नये.

ऐकण्याच्या वेडातून काय निपजते याचे उदाहरण पंडित भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांचे आहे. लहानपणी गदगला असताना वाजतगाजत मिरवणूक निघाली की ते तिच्यामागे चालू लागत आणि दमून वाटेत कोठेतरी झोपी जात. वडील शाळामास्तर. त्यांनी शेवटी मुलाच्या सदऱ्यावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असे लिहून ठेवले, म्हणजे ज्याला सापडेल तो घरी आणून पोचवील. त्या बापाने मुलाला खांबाला बांधले नाही, सदऱ्यावर नाव लिहिले. हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे त्याच मुलाने 'संतवाणी'च्या कार्यक्रमांतून अभंग घरोघरी नेले.

कानाच्या शिक्षणासाठी वर्गात एक सोपा खेळ करावा. मुलांना डोळे मिटून बसवावे. एकाने टाळ वाजवावा, एकाने चिपळ्या, एकाने विण्याची तार छेडावी. काय वाजले ते मुलांनी ओळखावे. मग तेच वाद्य एकदा मोठ्याने, एकदा हळू. एकदा जलद, एकदा सावकाश. मग विण्याची तार छेडून ती विरेपर्यंत शांत बसायचे, आणि नाद पूर्ण थांबला की बोट वर करायचे. पाच वर्षांचे मूलही हे आनंदाने करते, आणि शांत बसणे ही शिक्षा नसून ऐकण्यासाठी असते, हे न सांगता शिकते.

दुसरी पायरी : पाय

वारकरी पंथाने लय पायांत ठेवली आहे. दिंडीत पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग, त्याच्या मागे विणेकरी आणि त्यामागे डोईवर तुळस घेतलेल्या बाया, असा सारा मेळा एका लयीत चालतो. बापाच्या खांद्यावर बसलेल्या लेकराला ती लय खालून, बापाच्या चालण्यातून मिळते. वर्गात याचाच उपयोग करावा. मुलाला आधी टाळ देऊ नये, आधी चालू द्यावे.

भजनी ठेका आठ मात्रांचा आहे. मुलांना 'मात्रा' हा शब्द सांगण्याची सुरुवातीला गरज नाही. ओळीत उभे करावे आणि 'विठ्ठल' या नामावर दोन पावले टाकावयास सांगावे; 'विठ्' ला डावे, 'ठल' ला उजवे. चार वेळा नाम झाले की आठ पावले झाली. पाचवे नाम घेताना पहिल्या पावलावर टाळी वाजवावी. झाले! मुलाला सम कळली. पंधरा मिनिटांच्या व्याख्यानाने जे साधत नाही ते आठ पावलांनी साधते. पुढे पहिल्या पावलावर टाळी आणि पाचव्यावर नुसता हात बाजूला, असे करावे, म्हणजे टाळी आणि खाली यांतला भेद त्याच्या अंगात बसतो. मग पावली खेळावी: पुढे, मागे, बाजूला वळून, हळू, मग थोडी जलद. मुले हसतील, धडपडतील, एकमेकांवर आदळतील. हसू द्यावे. रिंगणात मोठी माणसेही हसत-खेळत धावतात, तेथे मुलांनी तोंड गंभीर का करावे?

लय जलद करताना एक पथ्य पाळावे. मुलांचा स्वभाव धावण्याचा असतो, ती लय आपोआप वाढवतात. वाढली की ओरडू नये. थांबावे, सर्वांनी एक श्वास घ्यावा, आणि पुन्हा सावकाश चालीने आरंभ करावा. सावकाश चालता येणे हे पळण्यापेक्षा अवघड आहे, हे मुलांना हळूहळू उमगते.

तिसरी पायरी : हात

पायांत लय बसली की हातात टाळ द्यावा. मोठ्यांचे काशाचे टाळ लहान मनगटाला जड होतात. मनगट दुखले की मूल दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि आपण समजतो की त्याला गोडी नाही. म्हणून लहानांना लहान टाळ, झांज किंवा चिपळ्या द्याव्यात. दोरी हाताला नीट गुंडाळून दाखवावी. दोन्ही टाळ सपाट एकमेकांवर आपटले तर नाद कोंडतो. किंचित सरकवून काठावर काठ आला तर तो मोकळा होतो. हे सांगण्यापेक्षा दोन्ही तऱ्हेने वाजवून दाखवावे आणि विचारावे, "कोणता गोड लागतो?" मूल बरोबर सांगते. मग त्याला कोणी सांगितले म्हणून नव्हे, आपल्या कानाला पटले म्हणून ते नीट वाजवू लागते.

पखवाजाची ओढ मुलांना सर्वांत जास्त. ते स्वाभाविक आहे, पण हात घालण्यापूर्वी तोंड चालले पाहिजे. त, दि, थुं, ना हे मूळ बोल आधी मांडीवर थाप मारीत तोंडाने म्हणावेत. बोल तोंडात स्वच्छ आला तरच तो हातात स्वच्छ येतो. मग पखवाजाची ओळख करून द्यावी. उजव्या बाजूला शाई असते, डाव्या बाजूला वाजवण्यापूर्वी भिजवलेली कणीक लावतात, तिच्यामुळे तो घुमतो. सुर चढवायचा-उतरवायचा तर गठ्ठे ठोकतात. कणीक मळून लावण्याचे काम आळीपाळीने मुलांकडेच द्यावे. ज्या वाद्याची सेवा आपण करतो त्याच्यावर आपला जीव जडतो. आपेगावचे पद्मश्री शंकरबापू आपेगावकर यांचा पखवाज देशभराच्या मैफलींत वाजला, पण त्याचे मूळ वारकरी भजनात होते, हेही मुलांना सांगावे. आपल्या देवळातल्या वाद्याला केवढी मोठी वाट आहे हे कळले की हात आपोआप जपून पडतो.

चौथी पायरी : गळा

आता गायन. येथे दोन अडचणी आहेत, आणि दोन्ही आपल्या, म्हणजे शिकवणाऱ्यांच्या बाजूच्या आहेत.

पहिली अडचण पट्टीची. आपले भजन उंच पट्टीत चालते. माळकरी गड्याने तार षड्जाला हात घातला की मंडप भरून जातो. ते वैभव मोठ्यांच्या गळ्याचे आहे. लहान मुलाचा सुखाने चालणारा आवाज पाच-सहा स्वरांचाच असतो. मोठ्यांच्या बरोबरीने म्हणावयास लावले की ते गात नाही, ओरडते. मान वर जाते, गळ्याच्या शिरा फुगतात, आवाज बसतो. आपण त्याचे कौतुक करतो, "काय खडा आवाज आहे!" आणि दोन वर्षांत तो आवाज फाटतो. म्हणून मुलांचा वर्ग निराळा असावा आणि पट्टीही निराळी असावी. मूल खेळताना ज्या उंचीवर सहज हाक मारते, त्याच्या जवळपास षड्ज धरावा आणि षड्ज ते पंचम एवढ्यातच फिरणाऱ्या चाली आधी शिकवाव्यात. मान उचलली गेली की समजावे, पट्टी उतरवली पाहिजे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. भजन शिकवणारे बुवा बहुधा पुरुष असतात. प्रौढ पुरुषाचा आवाज मुलाच्या आवाजापेक्षा एक सप्तक खाली असतो. बुवांनी षड्ज लावला की चतुर मूल आपल्या सप्तकात तो धरते. पण बरीच मुले बुवांसारखाच जाड आवाज काढू पाहतात आणि घशात घुरघुरतात. त्यांना सूर कळत नाही असे नव्हे, तो कोठून उचलायचा हे कळत नाही. बाईच्या किंवा दुसऱ्या मुलाच्या आवाजाशी मात्र ती सहज जुळतात. याचा सरळ अर्थ असा की, मुलांना सूर देण्यासाठी आई, काकी, आजी किंवा वर्गातलीच एखादी मोठी मुलगी पुढे बसवावी. बुवांनी लय सांभाळावी, अभंग निवडावा, देखरेख ठेवावी; सूर माउलीने द्यावा. ज्या पंथात मुक्ताबाई, जनाबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई या गुरुस्थानी आहेत, तेथे हे कोणाला खटकण्याचे कारण नाही.

ओघाने हेही सांगतो की, मुली भजनाला आल्या तर त्यांना केवळ म्हणण्यापुरते बसवू नये. टाळ, पखवाज, वीणा, सर्व काही त्यांच्या हाती द्यावे. आज कित्येक मुली पखवाज उत्तम वाजवतात. लेक सासरी जाते तेव्हा दागिना एका घरी जातो, भजन मात्र दोन्ही घरी राहते.

गाण्याचा पाठ असा घ्यावा. आधी विण्याच्या किंवा तंबोऱ्याच्या सुरावर सर्वांनी 'आ' असा स्वर लांब, हळू लावावा. तंबोरा नसेल तर हल्ली मोबाईलवरही तो मिळतो, त्याचा उपयोग करण्यात कमीपणा नाही. वस्तू वाईट नसते, वापर वाईट असतो. मग शिकवणाऱ्याने एक चरण म्हणावा, मुलांनी फक्त ऐकावा. दुसऱ्यांदा म्हणावा, मुलांनी मनात म्हणावा. तिसऱ्यांदा मुलांनी उघड म्हणावा. आपण मधली पायरी गाळतो, म्हणून चुका पाठ होतात, आणि पाठ झालेली चूक काढणे हे नवीन अभंग शिकवण्यापेक्षा अवघड.

चूक सुधारताना नाव घेऊन, सर्वांदेखत सुधारू नये. "तिसऱ्या ओळीत एक वळण निसटतंय, पुन्हा ऐका बरं" एवढे म्हणावे. एखादे मूल सतत खाली लागत असेल तर त्याला एका पक्क्या सुराच्या मुलाशेजारी बसवावे, दाराशी नव्हे. आवाजाला आवाजाचा आधार मिळाला की तो सावरतो.

बारा-तेरा वर्षांच्या पुढे मुलग्यांचा आवाज फुटतो. एक दिवस तार सप्तकात जाणारा मुलगा दुसऱ्या दिवशी घोगरा होतो, लाजतो, आणि भजनाला यायचे बंद करतो. नेमके याच वेळी कितीतरी चांगली मुले आपल्या हातून जातात. पालकांनी व बुवांनी त्याला आधीच सांगून ठेवावे, "बाळा, आवाज आता बदलेल, घाबरू नको, वर्ष-दोन वर्षांत नवा आवाज येईल." त्या काळात त्याला हळू आवाजात म्हणू द्यावे आणि पखवाज किंवा टाळाची जबाबदारी द्यावी. गळा विसावतो, मुलगा मात्र मंडपातच राहतो.

पाचवी पायरी : अक्षर आणि अर्थ

अभंग हे मोजलेले गाणे आहे, आणि मुलांना मोजायला आवडते. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात: पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, एकूण २२. दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात आणि शेवटी यमक. मुलांना माहीत असलेला एखादा अभंग घेऊन बोटांवर अक्षरे मोजावयास लावावीत. सहा, सहा, सहा, आणि मग चार. "चौथ्यात दोन कमी का रे?" असे विचारावे. मग म्हणून दाखवावे की शेवटच्या चरणात स्वर लांबतो, तेथे श्वास घेता येतो, टाळाला जागा मिळते. कोठे एखादे अक्षर कमी-जास्त निघाले, तर म्हणताना ते ऱ्हस्व-दीर्घ करून कसे सामावते हेही दाखवावे. या मोजणीने उच्चार स्पष्ट होतात, चरण तुटत नाहीत, आणि पाठांतर निम्म्या वेळात होते.

अर्थ सांगताना द्वैत-अद्वैताची चर्चा करू नये. नवा शब्द आला तर त्याची ओळख करून द्यावी, आणि ज्या संताचा अभंग आहे त्याची एखादी गोष्ट सांगावी. नैवेद्याचे ताट घेऊन देवासमोर हट्ट धरणारा लहान नामदेव मुलांना आपल्यातला वाटतो. जनाबाईंना दळू लागणारा देव त्यांना पटतो. एकनाथ महाराजांची भारुडे तर सोंगासह करावयाचीच आहेत. त्यांत मुलांना वेष मिळतो, संवाद मिळतो, हसू मिळते, आणि उपदेश नकळत आत जातो. पुढे पंधराव्या-विसाव्या वर्षी त्याच अभंगाचा खोल अर्थ त्याचा त्याला उलगडतो. आधी बी पेरले असेल तरच पाऊस उपयोगी पडतो.

मार आणि कर्णा

दोन गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत. काही ठिकाणी भजन-कीर्तन शिकणाऱ्या मुलांना अजूनही मार दिला जातो. "छडी लागे छमछम" ही जुनी समजूत अद्याप गेलेली नाही. शाळांमध्ये मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली आहे. जे शाळेत चालत नाही ते देवाच्या दारी कसे चालेल? भ्यालेल्या मुलाचा श्वास आखडतो, गळा आवळतो, आणि आवळलेल्या गळ्यातून सूर निघत नाही. हा तर शरीराचाच धर्म आहे. ज्या मुलाने भजनात मार खाल्ला ते मोठेपणी देवळासमोरून जाताना मान खाली घालते. आई-बापांनी मूल शिकावयास पाठवताना तेथे त्याला कसे वागवतात हे स्वतः पाहावे, अधूनमधून न सांगता जावे, आणि मूल काही सांगू लागले तर त्याचे आधी ऐकावे.

दुसरी गोष्ट कर्ण्याची. बंद मंडपात पन्नास टाळ आणि वर ध्वनिवर्धक, यांत लहान मुलाला आपला स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही. स्वतःचा आवाज न ऐकणारा सुधारणार कसा? मुलांच्या वर्गात ध्वनिवर्धक मुळीच नसावा. मोठ्यांच्या भजनात मुलांना कर्ण्यापासून दूर बसवावे. मंडपाबाहेर आल्यावर कानात सूं सूं आवाज येत असेल, तर समजावे की कानाला इजा होण्याइतका गोंगाट झाला. कान गेला तर पहिलीच पायरी गेली.

शिक्षणाची परंपरा

कोणी म्हणेल, "एवढी खटपट कशाला? आम्ही नाही ऐकून-ऐकून शिकलो?" खरे आहे. पण त्या काळी ऐकण्याचे प्रसंग पुष्कळ होते. प्रसंग कमी होतात तेव्हा व्यवस्था करावी लागते, हे आपल्या थोरांनी वेळीच ओळखले. कुरुंदवाडला जन्मलेल्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. तोवर गाणे शिकायचे तर उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षे राहावे लागे; त्यांनी ते वर्गात आणले, क्रमाने लावले. आपल्या पंथात विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, आणि जे ज्ञान फडाफडांतून कानोकानी चालत होते त्याला नेमाचे रूप दिले. दोघांचाही विचार एकच होता: जे मोलाचे आहे ते योगायोगावर सोडू नये. तोच विचार आपण आपल्या गावच्या देवळात, दहा मुलांपुरता, चालवावयाचा आहे.

आरंभ कसा करावा

येत्या एकादशीपासून दुसऱ्या एकादशीपर्यंत, पंधरा दिवसांचा एक पाठ धरावा. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी अर्धा तास, त्याहून जास्त नको. पहिल्या पंधरवड्यात फक्त ऐकणे आणि चालणे. दुसऱ्यात टाळी आणि लहान टाळ, त्यावर केवळ नामाचा गजर. तिसऱ्यात 'आ'कार आणि एका अभंगाचे ध्रुपद. चौथ्यात तोच अभंग पूर्ण, अक्षरे मोजून, गोष्टीसह. दोन महिन्यांत एकच अभंग झाला म्हणून कोणी नाक मुरडील, मुरडू द्यावे. एक अभंग सुरात, लयीत आणि स्पष्ट उच्चारांत आला की पुढचा लवकर येतो.

दर एकादशीला मोठ्यांच्या भजनात पाच मिनिटे मुलांसाठी राखून ठेवावीत, आणि ती शेवटी, मुले पेंगुळल्यावर नव्हे, तर आरंभी द्यावीत. त्या पाच मिनिटांत मोठ्यांनी टाळ खाली ठेवून ऐकावे. कोणी चुकले तर एकमेकांकडे पाहून हसू नये. भजन झाल्यावर एखाद्या म्हाताऱ्या बुवांनी त्या मागे लाजत उभ्या असलेल्या पोराला जवळ बोलावून, पाठीवर हात ठेवून इतकेच म्हणावे, "पुढच्या एकादशीला माझ्या शेजारी बस हं." ते मूल पंधरा दिवस ती एकादशी मोजत राहील.

असो. विणेकऱ्याचा पहारा संपला की वीणा जमिनीवर ठेवत नाहीत, दुसऱ्याच्या गळ्यात घालतात. तो दुसरा गळा आज पाच-सात वर्षांचा आहे, देवळाच्या अंगणात गोट्या खेळतो आहे. त्याला हाक मारण्याचे काम आपले आहे. ते आपल्या सर्वांच्या हातून घडो, ही पांडुरंगचरणी प्रार्थना. रामकृष्णहरि.